विन्स्टनचा फोन तिथी पाळतो

आमच्या मजल्यावर कुणाचंही वायफाय गेलं की लोक कंपनीला फोन करायच्या आधी समोरच्या विन्स्टनची बेल वाजवतात. विन्स्टन येतो, चपला बाहेर काढतो, आणि यंत्राला हातसुद्धा लावत नाही. सोफ्यावर बसतो आणि चहा मागतो. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, हा कसला मेकॅनिक, हा तर पाहुणा.

आम्ही इथे दुबईजवळ उम्म अल कुवैनला आलो त्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. आमचं नेट रोज सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन मिनिटं जायचं. माझे यजमान सुरेश यांनी वायफायचा डबा तीनदा बदलून आणला, तरी तेच. विन्स्टन आला, चहा मागितला, पाय पसरून बसून राहिला. यांचा चहा रोजच्यासारखा गार झाला म्हणून मी तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि बटण दाबलं.

"वहिनी, गेलं बघा तुमचं नेट," विन्स्टन तिथूनच म्हणाला. "डब्यात काही खोट नाही. सुरेशदादांच्या गार चहात आहे."

मायक्रोवेव्ह आणि वायफायचा डबा एकाच ओट्यावर शेजारी शेजारी होते आणि दोघांच्या लहरी एकमेकींत घुसत होत्या, असं त्याने नंतर समजावलं. डबा हॉलमध्ये नेला, प्रश्न मिटला. जाताना म्हणाला, "आधी बघत बसायचं. घाईने हात लावला की पुरावा गेला." हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

वहीचं सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. लग्न झाल्यापासून माझी सवय आहे. सकाळी देवपूजा आटोपली की वहीच्या नव्या पानावर सगळ्यात वर तिथी लिहायची आणि खाली दिवसभरात जे घडेल ते दोन-चार ओळींत टिपायचं. भाजी काय केली, स्तोत्र कितीदा झालं, कोण आलं, कोण गेलं. यांना त्याची गंमत वाटते. म्हणतात, आपल्या घरात भेंडी कोणत्या तिथीला शिजली याचा पुरावा वीस-बावीस वर्षांचा मिळेल.

विन्स्टन वसईच्या पाचूबंदरचा. कोळी, ख्रिस्ती. आजोबांची होडी, वडिलांची होडी, मोठ्या भावाची तर आता इंजिनवाली मोठी बोट. घरातला हा एकटाच समुद्राला पाठ दाखवून नेटवर्किंगचा डिप्लोमा करायला गेला. त्याला होडीत बसलं की मळमळतं, हे त्याचं गुपित त्याची बायको जॅकलीन कुणालाही सांगते. दुबईतल्या हॉटेलांमध्ये आणि ऑफिसांमध्ये अकरा वर्षं त्याने वायरी ओढल्या. मागच्या वर्षी त्याला बरी जागा मिळाली, पण ती नेमकी भर समुद्रात. रुवैसच्या किनाऱ्यापासून आत एका बेटावर बांधकाम चाललंय, तिथे तीनशे कामगारांचा कॅम्प आहे. बेटावर मोबाइलची रेंज नाही. समुद्राखालून केबल टाकलेली नाही. किनाऱ्यावर एक मनोरा, बेटावर एक मनोरा, दोन्हींवर समोरासमोर तोंड करून बसवलेली एक-एक डिश. या डिशने हाक मारायची आणि त्या डिशने ओ द्यायची, एवढ्यावर तीनशे माणसांची घरं चालतात. गावाकडचा व्हिडिओ कॉल त्यावरच, आणि कुणाला ताप आला तर रुवैसच्या डॉक्टरांना दाखवायचं तेही त्यावरच. याला ते सगळे लिंक म्हणतात. ती लिंक सांभाळणं हे विन्स्टनचं काम.

तीन आठवडे बेटावर आणि एक आठवडा घरी, असं त्याचं चक्र. जॅकलीन अजमानला हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे, ती साडेसातला घरी येते. त्यामुळे त्यांची आठ वर्षांची अ‍ॅश्ले शाळेची बस सुटली की थेट माझ्याकडे, तिच्या साधनाआँटीकडे. माझी दोन्ही मुलं शिकायला पुण्याला गेल्यापासून घर रिकामं होतं, ते या पोरीने भरून टाकलं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडण या दोन भाषांमध्ये छान चालतं.

यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अ‍ॅश्लेचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, ठरलं होतं, शारजाच्या चर्चमध्ये. आपल्याकडे मुंजीला जसं घर उठून उभं राहतं तसं त्यांच्याकडे या दिवसाला राहतं. पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती, आणि आईबाप दोन्ही बाजूंना. अ‍ॅश्लेने बापाकडून वचन घेतलं होतं. आणि विन्स्टनने तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. चर्चमध्ये सगळं इंग्रजीतच व्हायचं, पण त्या दिवशी घरी आल्यावर वसईच्या आजीला फोन लावायचा आणि मरियेची प्रार्थना मराठीतून, न बघता, म्हणून दाखवायची. आजीने त्यासाठी आपली प्रार्थनेची जुनी पुस्तिका पाठवली होती. पाठांतर करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मराठी वाचायला वेळ असलेली मीच. मी गणपतीसमोर बसून स्तोत्र म्हणायचे आणि मग तिथेच बसून तिच्याकडून मरियेची प्रार्थना म्हणवून घ्यायचे. देवाच्या घरी याची कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी विन्स्टन बेटावर गेला. पोचल्याचा फोन आला आणि बोलता बोलता तुटला. "डॅडी फ्रोझ," अ‍ॅश्ले म्हणाली आणि शेंगदाणे खायला निघून गेली.

त्यांची फोनची पद्धत मला सुरुवातीला विचित्र वाटायची. विन्स्टन तीनच्या सुमाराला व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपवर कॉल लावायचा आणि साडेसहापर्यंत तो चालूच ठेवायचा. बोलणं पाच मिनिटांचं. बाकी वेळ फोन टेबलावर उभा केलेला, इकडे अ‍ॅश्ले गणितं करतेय, तिकडे विन्स्टन त्याच्या केबिनमध्ये काहीतरी स्क्रू पिळतोय, पंखा घरघरतोय. मधूनच "सात आठे किती?" असा आवाज इकडून जायचा आणि तिकडून "तू सांग" असा यायचा. बाप खोलीत असल्यासारखं. मग एकदम चित्र थिजायचं, आणि अर्धा-पाऊण तास गायब.

संध्याकाळी जॅकलीन दारातूनच विचारायची, फोन आला होता का, किती वाजेपर्यंत होता, कशाने तुटला. मला आठवायचं नाही. म्हणून मी वहीत लिहायला लागले. चैत्र शुद्ध द्वितीया, फोन तीन चाळीसला तुटला. तृतीया, साडेचारला. चतुर्थी, सव्वापाचला. पंचमी, सहाला. पुढे दहाएक दिवस संध्याकाळी तुटलाच नाही. मी गणपतीला गूळ ठेवला, झालं एकदाचं नीट. पण विन्स्टन म्हणाला, वहिनी, आता सकाळी जाते, कधी मध्यरात्री जाते. तिचा काही नेम नाही.

त्याच नेम नसण्याने तो बेजार झाला होता. त्याने सगळं तपासलं. उन्हाने यंत्र तापतं का, जनरेटरचा दाब कमी होतो का, जोडांमध्ये खारी हवा शिरली का, तीनशे माणसं एकदम फोन लावतात म्हणून गर्दी होते का. प्रत्येक शंकेवर एक-दोन दिवस जायचे आणि लिंक पुन्हा तिच्या मर्जीने जायचीच.

आता कुणी म्हणेल, यंत्रात नोंद नसते का, केव्हा बंद पडलं आणि केव्हा चालू झालं? असते. पण तिथे रामेश्वर होता.

रामेश्वर बेटावरचा जुना वॉचमन, बिहारचा, पन्नाशी ओलांडलेला. विन्स्टनच्या आधी वर्षभर बेटावर नेटवर्कचा माणूसच नव्हता. तेव्हा कुणा साहेबाने यंत्राच्या पेटीवर तीन भाषांत कागद चिकटवला होता की लिंक गेली तर पेटी बंद करून पुन्हा चालू करा. ही सेवा रामेश्वरने अंगावर घेतली. लिंक गेली की तो धावत जायचा, बटण बंद करायचा, मनात अकरापर्यंत मोजायचा, चालू करायचा. अर्ध्या-पाऊण तासात लिंक यायचीच. कॅम्पमध्ये त्याचं मोठं नाव झालं होतं, रामेश्वरच्या हाताला यश आहे म्हणून. दर सकाळी तो त्या पेटीला उदबत्तीसुद्धा ओवाळायचा.

गोम अशी की पेटी बंद केली की तिची सगळी आठवण पुसली जायची. घड्याळसुद्धा शून्यावर. विन्स्टन बेटाच्या दुसऱ्या टोकावरून धापा टाकत येईपर्यंत पुरावा धुऊन निघालेला आणि रामेश्वर हसतमुखाने उभा. विन्स्टनने त्याला दोनदा सांगून पाहिलं. पण तीनशे माणसं बायकापोरांशी बोलताना मधेच तुटली की रामेश्वरच्या नावाने ओरडायला लागायची, आणि त्या माणसाचे हात बटणाकडे आपोआप जायचे.

ईस्टरचा सण बेटावरच गेला. विन्स्टनची घरी यायची पाळीही गेली. रुवैसच्या ऑफिसात त्याची वरिष्ठ एमान नावाची इजिप्तची इंजिनियर आहे, बोलायला कडक पण सरळ. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कालच एका सुताराच्या छातीत दुखत होतं आणि डॉक्टर स्क्रीनवर असतानाच लिंक गेली. त्याला पित्त झालं होतं हे नशीब. अशी लिंक बदली माणसाच्या गळ्यात टाकून तू घरी जाऊ शकत नाहीस, ती म्हणाली. सलग सात दिवस लिंक उभी राहिलेली दाखव, मग रजा. त्या दिवशी तारीख होती एकोणतीस एप्रिल. कम्युनियन दहा मेला.

हे ऐकून जॅकलीन माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात बसली. झगा शिवून आला होता, तो पिशवीतून काढलाही नव्हता. तिने फक्त एवढंच म्हटलं, की अ‍ॅश्लेला आत्ताच काही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. मी आंब्याचा रस केला होता, नैवेद्य दाखवला, आणि दुपारी वही घेऊन बसले. अ‍ॅश्ले टेबलावर मराठी प्रार्थनेत अडखळत होती, विन्स्टन तिकडून दुरुस्त करत होता, आवाज मलूल. साडेचार वाजले आणि चित्र थिजलं. मी लिहिलं, वैशाख शुद्ध तृतीया, साडेचार. लिहिलं आणि पेन थांबलं. हे मी आधी कधीतरी लिहिलंय असं वाटलं. म्हटलं, वय झालं. तरी पानं मागे उलटली. चैत्र वद्य तृतीया, फोन साडेचारला तुटला. आणखी मागे गेले. चैत्र शुद्ध तृतीया, साडेचार.

मग मी बीज पाहिली. तिन्ही पंधरवड्यांतल्या बीजेला तीन चाळीस, पाच मिनिटं इकडे-तिकडे. दोन चतुर्थ्या पाहिल्या, दोन्हींना सव्वापाच.

लिंक परत आली तेव्हा पाच वाजून गेले होते. मी अ‍ॅश्लेच्या हातून फोन घेतला आणि काहीशी संकोचूनच म्हटलं, की विन्स्टन, हसू नका, पण तुमचा फोन तिथी पाळतो.

तो हसला नाही. म्हणाला, "वाचा."

मी सगळं वाचलं. तिथी, वेळ, तिथी, वेळ. पंखा घरघरत होता म्हणून कळत होतं की लिंक आहे, नाहीतर मला वाटलं असतं पुन्हा तुटला.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "ही तर पाण्याची चाल आहे. रोज पाऊण तास पुढे. आजोबा बोटांवर मोजायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पाचूबंदरला बीजेला दीड वाजता पाणी भरतं. इथे दोन तास उशिरा, पण चाल तीच. लिंक भरतीला जाते." आणि मग स्वतःलाच म्हणावं तसं म्हणाला, "कोळ्याच्या पोराला हे ब्राह्मणाच्या वहीतून कळावं. बाबांना सांगू नका हां, जेवण घालायचे नाहीत."

मला त्यातलं काय कळणार? पण दुसऱ्या दिवशी त्याने अ‍ॅश्लेला समजावलं तेव्हा मीही ऐकलं. एका डिशकडून निघालेला आवाज दुसरीकडे सरळ जातो, आणि थोडासा पाण्यावर आपटून, उडी मारूनही जातो. झोपाळ्यावर तू बसली आहेस, साधनाआँटी मागून ढकलतात आणि नेमक्या त्याच वेळी मी पुढून ढकलतो, तर काय होईल? "आय विल बी स्टक," अ‍ॅश्ले म्हणाली. तसंच. समुद्राचं पाणी एका ठरावीक उंचीवर आलं की उडी मारून आलेला आवाज सरळ आलेल्या आवाजाला बरोबर उलटा ढकलतो, आणि दोघं मिळून शून्य. पाणी उतरलं की झोपाळा पुन्हा हलायला लागतो. हॉटेलांच्या भिंतींमध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला समुद्राचा हा खोडसाळपणा कधी भेटलाच नव्हता. बोटीच्या कॅप्टनकडे भरतीचा छापील तक्ता भिंतीवर लटकत होता, विन्स्टन रोज त्याच्यासमोर चहा प्यायचा. पण तक्त्याकडे बघायचं हे आधी सुचायला हवं ना.

त्या चतुर्थीला, गुरुवारी, तो सव्वापाचच्या आधीच मनोऱ्यावर चढून बसला. वर चढताना तो नेहमी क्रूसाची खूण करतो. खाली रामेश्वरला त्याने पेटीपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसवलं आणि सांगितलं, की काहीही झालं तरी उठायचं नाही. पाणी भरत आलं, लिंक दमायला लागली. दोघा माणसांनी दोर धरला आणि विन्स्टन डिश हळूहळू खाली सोडत गेला. आधी आणखी बिघडलं. मग सुधारलं. दीड वाव, म्हणजे नऊएक फूट, खाली आल्यावर भर भरतीतही लिंक टुणटुणीत उभी राहिली. शुक्रवारी बाराच्या सुमाराला ओहोटीलाही तपासून पाहिलं, तिथेही ठीक. वाव हे कोळ्यांचं माप कंपनीच्या रिपोर्टात चालत नाही म्हणून त्याने मीटरमध्ये लिहून एमानला कळवलं. लिंक गेली की लाल रेघ दाखवणारा स्क्रीन तिने ऑफिसात नव्याने लावून घेतला आणि शुक्रवार दुपारपासून सात दिवस मोजायला सुरुवात झाली. पुढच्या शुक्रवारी दुपारी पुरे झाले की संध्याकाळपर्यंत घरी, आणि शनिवारी चर्च. एका दिवसाचीही ढिलाई नव्हती.

शनिवार गेला, रविवार गेला. संध्याकाळचा फोन तीनपासून साडेसहापर्यंत अखंड चालला. एवढ्या अखंड बापाची अ‍ॅश्लेला सवय नव्हती. ती एकदा म्हणाली, "आँटी, कॅन वी स्विच हिम ऑफ फॉर अ बिट?" सोमवारी जॅकलीनने झगा पिशवीतून काढून दाराच्या हुकाला लावला. मंगळवारी मी वहीत फक्त एक टिक केली.

बुधवारी दशमी. सकाळी अकराच्या सुमाराला विन्स्टनचा फोन आला, या वेळी कधी येत नाही. लिंक गेली होती. नऊ चाळीसला, तीन मिनिटांसाठी. आणि रुवैसच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर ती लाल रेघ एमानने पाहिली होती.

झालं असं होतं. पाच दिवस लिंक गेली नाही म्हणून सगळे विन्स्टनचं कौतुक करत होते. रामेश्वरलाही विन्स्टनबद्दल माया होती, पोरीच्या कार्यक्रमाचं त्याला ठाऊक होतं. भरतीच्या वेळी लिंक जाते हेही आता त्याला पाठ झालं होतं. त्याने विचार केला, भरती पावणेदहाला आहे, जायच्या आधीच आपण पेटी ताजीतवानी करून ठेवली तर जाणारच नाही. विन्स्टन नाश्त्याला गेल्याचं बघून तो चार हात लांबच्या खुर्चीवरून उठला. बटण बंद केलं, अकरापर्यंत मोजलं, चालू केलं. वर उदबत्ती लावली. पेटी जागी होऊन समोरच्या मनोऱ्याला शोधेपर्यंत तीन मिनिटं गेली.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी विचारलं, तुम्ही एमानला सांगितलं का कुणी केलं ते? विन्स्टन म्हणाला, नाही. म्हणाला, रामेश्वरच्या वयाच्या माणसाला कंपनी दुसरं काम देत नाही, वहिनी. मी म्हटलंय की तपासतोय. पुन्हा मोजू सात दिवस.

सात दिवस पुन्हा मोजायचे म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी फोन ठेवला आणि देवासमोर बसले. मागायला तोंड उघडलं तर शब्द आठवेनात, तेव्हा पोरीला शिकवून शिकवून पाठ झालेली मरियेची प्रार्थनाच तोंडातून निघाली. म्हटलं, चालेल. जिची आहे तिच्यापर्यंत जाईल.

पुढचं मला विन्स्टनने सांगितलं. तो डोक्याला हात लावून केबिनमध्ये बसला होता तेव्हा रामेश्वर आत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की त्या लाल रेघेमुळे सायबाची रजा गेली. त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि म्हणाला, मॅडमला लावा. विन्स्टन नको नको म्हणत राहिला. रामेश्वर उभाच. शेवटी लावला.

"मॅडम," रामेश्वर म्हणाला, "लिंक गिरी नहीं. हमने गिराई."

एमानला हिंदी येते, इथे सगळ्यांना येते. तिने विचारलं, का. रामेश्वरने सगळं सांगितलं, अकरापर्यंत मोजतो तेही, उदबत्तीचंसुद्धा. आणि शेवटी म्हणाला, पगार कापायचा असेल तर माझा कापा, याच्या बेटीला देवासमोर उभं राहायचंय.

एमानने फोन विन्स्टनला द्यायला सांगितलं. ती त्याला रागे भरली, ते रामेश्वरवरून नाही, तर खरं न सांगितल्यावरून. मग विचारलं, उद्या भरती किती वाजता? तिला म्हणे स्वतः बघायचं होतं. त्या वेळी डॉक्टरांच्या स्क्रीनवरून बेटाशी अर्धा तास बोलणं चालू ठेवायचं. लिंक टिकली तर आजची तीन मिनिटं लिंकच्या नावावर नाहीत.

विन्स्टनने लगेच कॅप्टनचा तक्ता पाहायला हवा होता. पण त्याने आधी मला फोन केला.

"वहिनी, उद्या तिथी कोणती?"

"एकादशी," मी म्हटलं. "साडेदहा." आणि त्याने तक्त्यात पाहिलं तर दहा अठ्ठावीस. दोन मिनिटांची चूक मी उपासाच्या खात्यावर टाकली.

एकादशीच्या सकाळी अ‍ॅश्ले शाळेत होती. जॅकलीनने दुपारची ड्यूटी मागून घेतली होती, ती माझ्याकडे येऊन बसली. तिच्यासमोर मी साबुदाण्याची खिचडी ठेवली, तीही उपास असल्यासारखी चमच्याने नुसती ढवळत होती. हे मुद्दाम ऑफिसला उशिरा जातो म्हणाले आणि पेपर उलटा धरून बसले. दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा. अकरा वाजून पाच मिनिटांनी जॅकलीनच्या फोनवर विन्स्टनचा मेसेज आला. त्यात एकच फोटो होता. पेटीचं बटण, त्याच्यावर उलटा ठेवून चिकटपट्टीने बंद केलेला स्टीलचा पेला, आणि शेजारी हात जोडून उभा रामेश्वर. खाली लिहिलं होतं, एमान म्हणाली, खलास, जा.

यांनी पेपर सरळ केला आणि म्हणाले, यल्ला, चला, आता तरी खा.

शुक्रवारी दुपारच्या बोटीने विन्स्टन निघाला. बोटीत त्याला मळमळलंच. रुवैसहून साडेचार-पाच तास गाडी हाकत तो दिवेलागणीला दारात उभा राहिला, हातात आपल्या कपड्यांच्या बॅगेखेरीज रामेश्वरने दिलेली एक पुडी. अ‍ॅश्लेसाठी, उदबत्त्यांची. चर्चमध्ये चालत नसतील तर घरी लावा म्हणाला होता. अ‍ॅश्ले धावत आली आणि बापाच्या दंडाला बोट लावून बघितलं. "ही इज नॉट फ्रोझन," ती म्हणाली.

शनिवारी शारजाच्या चर्चमध्ये आम्ही दोघं मागच्या बाकावर होतो. पांढऱ्या झग्यांच्या रांगेत आमची कोणती ते शोधावं लागलं नाही, कारण तिने मागे वळून मला हात केला आणि सिस्टरनी तिचं डोकं पुढे फिरवलं. विन्स्टन एका बाजूला, जॅकलीन दुसऱ्या. विन्स्टनचा गळा उन्हाने रापून वीट झाला होता आणि टायच्या वर दोन रंगांची सीमा दिसत होती.

घरी आल्यावर वसईला फोन लावला. आजी अंगणात खुर्ची टाकून, नवं लुगडं नेसून बसली होती, मागे शेजारपाजार. अ‍ॅश्लेने हात जोडले आणि न बघता, एका दमात, मराठीतून पूर्ण प्रार्थना म्हटली. एका जागी माझ्यासारखा हेल काढला, स्तोत्राचा. आजीच्या ते लक्षात आलं. तिने विन्स्टनला विचारलं, पोरीला कुणी शिकवलं रे? विन्स्टनने फोन माझ्याकडे वळवला. आजीने डोळे बारीक करून मला पाहिलं आणि म्हणाली, बरं म्हटलंन्. आमच्या चर्चमध्ये पण असंच म्हणायला पाहिजे.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच होतं, आमच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केली होती. विन्स्टन सोफ्यावर पाय पसरून बसला होता, चहाची वाट बघत. मजल्यावरचे दोघं-तिघं येऊन त्यांच्या वायफायच्या तक्रारी सांगून गेले होते आणि तो सगळ्यांना म्हणत होता, उद्या येतो, बसतो, बघतो.

मी घरी येऊन वही उघडली. वर तिथी सकाळीच लिहिलेली होती, वैशाख शुद्ध त्रयोदशी. खाली लिहिलं, अ‍ॅश्लेचं कम्युनियन झालं. वांग्याची भाजी, मीठ कमी. फोन आला नाही. माणूस आला होता.